बुधीने न शिवलेला पाय

कडावच्या कोंडाजी मास्तरांना लोक विद्वान म्हणत. तसं म्हणायला लोकांना कष्ट पडत नव्हते आणि ते ऐकायला मास्तरांना कधी कंटाळा येत नव्हता. पण ही गोष्ट मास्तरांची नाही, बुधी ठाकरणीची आहे. मास्तर या गोष्टीत आले ते पायात काटा घुसतो तसे, न बोलावता.

मी मकसूद. १९२२ सालापासून कर्जतला सरकारी दवाखान्यात कंपाउंडर होतो. बाटल्यांना कागदाच्या खुणा चिकटवणं, मलमं घोटणं, पट्ट्या बांधणं ही माझी कामं. दवाखान्यात येणाऱ्या निम्म्या लोकांचं दुखणं पायात असे, आणि त्यातले निम्मे आमच्याकडे येण्याआधी बुधीकडे जाऊन बरे होत. हे मला ठाऊक होतं, कारण माझी आईच तिच्याकडून पाय बरे करून घेत असे.

आईचं नाव तय्यबा. थंडी सुरू झाली की तिच्या टाचांना अशा भेगा पडत की तांदूळ निवडायला बसली तर एखादा दाणा टाचेत अडकून राही. बुधी बाजाराच्या दिवशी डोंगरातून मोळी घेऊन उतरे. कळंबच्या वरच्या अंगाला ठाकरांची वाडी आहे, तिथून कर्जतपर्यंत ती अनवाणी चालत येई. मोळी विकली की आमच्या मागच्या पडवीत बसे आणि आईचा पाय मांडीवर ओढून घेई.

"ही टाच हाय का उन्हाळ्यातलं खाचर?" हे तिचं पहिलं वाक्य. "वर्षभर काय करतीस गं तय्यबा? तोंडाला तीनदा पानी लावतीस, पायाला कोन लावनार? शेजारीन?"

गरम पाण्यात मिठाचा खडा टाकून ती पाय भिजत ठेवी. मग विटेच्या तुकड्यानं मेलेलं कातडं घासून काढी. कोकमतेलाचा गोळा आणि थोडं मेण चुलीवर एकत्र वितळवून, कोमट झालं की भेगांत भरी आणि वर जुन्या लुगड्याची पट्टी बांधी. आठ दिवसांत टाच मऊ पडे. आई तिला तांदूळ देई. बुधी ते घेताना आभार मानत नसे आणि पुढच्या वर्षी पुन्हा तेच ऐकवी.

ती सगळ्यांनाच अरेतुरे करी. आमच्या डॉक्टरसाहेबांनाही. काळी, चिवट, पन्नाशीच्या अलीकडची बाई. माणूस समोर आला की आधी त्याचे पाय बघे, मग जमलं तर तोंड. लावणीच्या दिवसांत बायका गुडघाभर चिखलात उभ्या राहत, बोटांच्या बेचक्या कुजून पांढऱ्या पडत. या चिखल्यांवर ती तेरड्याचा पाला आणि हळद वाटून लावी. पण लावताना बजावी, "पाला अर्धं काम करतो. अर्धं काम सुकं ठेवन्याचं. चुलीम्होरं पाय पसरून बसायला तुला लाज वाटत आसंल तर माझ्याकडं येऊ नको." टाच दुखत असेल तर गरम विटेवर रुईचं पान ठेवून शेक. कुरूप झालं असेल तर बिबा. पण बिब्ब्याच्या वेळी ती गप्प होई. कुरुपाच्या भोवती आधी चुन्याचं रिंगण काढी, बिबा दिव्यावर धरी आणि दाभणाच्या टोकावर येईल तेवढाच थेंब नेमका मधोमध टेकवी. त्या वेळी कुणी बोललं तर कोपरानं ढकलून देई. बिबा उतला की कातडं फोडून काढतो, हे तिला पक्कं माहीत होतं.

तीन पाय मात्र ती शिवत नसे. खोल गेलेली जखम, गंजक्या लोखंडाची जखम, आणि ज्याच्या लघवीला मुंग्या लागतात त्या माणसाचा पाय. असा कुणी आला की ती हात मागे घेई आणि म्हणे, "दवाखान्यात जा. माझा पाला तुझ्यासाठी नाय." लोक चिडत. आपल्याला कमी लेखते म्हणत. पण ती हे शिकली होती ते फार महागात. तिचा नवरा पोशा एकदा कारवी तोडताना तोडलेल्या बुंध्याचा टोकदार सड पायात घुसवून घरी आला. बुधी तेव्हा विशीत होती. तिनं जखम धुतली, पाला भरला, घट्ट बांधली. वरून जखम छान मिटली. दहाव्या दिवशी पोशाचा जबडा बसला, पाठ धनुष्यासारखी वाकली, आणि त्यानंतर तिसऱ्या दिवशी तो गेला. "वरून मिटली म्हनून मी खुश झाले व्हते," एवढंच ती त्याबद्दल बोले.

कोंडाजी मास्तर १९२५ मध्ये पेन्शनीत निघाले. शाळा सुटली आणि छडीच्या धाकानं मिळणारा मानही सुटला, म्हणून त्यांना नाव मिळवायची घाई झाली. पंचक्रोशीत पायाच्या दुखण्यांना तोटा नाही हे त्यांनी पाहिलं आणि त्यावर पुस्तक लिहायचं ठरवलं. त्यांना स्वतःला त्यातलं काही येत नव्हतं. ही अडचण त्यांना अडचण वाटली नाही. त्यांनी बुधीला बोलावणं धाडलं.

सलग तीन आठवडे बाजारच्या दिवशी बुधी त्यांच्या अंगणात बसली आणि मास्तर ओटीवर. ती सांगे, ते लिहून घेत. मास्तरांनी मला मुद्दाम बोलावलं होतं, कारण माझं अक्षर वळणदार होतं आणि छापखान्यासाठी चांगली प्रत मलाच करायची होती. मी नाही म्हणू शकत नव्हतो. माझी नोकरी मास्तरांच्या शिफारसपत्रावर लागली होती, आणि ते या गोष्टीची महिन्यातून एकदा तरी आठवण करून देत.

तिसऱ्या खेपेला बुधीनं आपण न शिवणाऱ्या तीन पायांबद्दल सांगितलं. पोशाचं सांगितलं. मास्तरांनी टाक खाली ठेवला.

"हे लिवलं नाय तू," बुधी म्हणाली.

"अगं, पुस्तक औषधांचं आहे. काय करू नये हे वाचायला कोण बसलंय?"

"ज्याचा पाय हाय तो."

"बरं, बरं," मास्तर म्हणाले आणि मानपानावरून रुसलेल्या वरबापासारखे उठून आत गेले.

ती गेल्यावर त्यांनी मला खरा विचार सांगितला. "कोकमतेल! अरे, ते ज्याच्या त्याच्या चुलीमागं असतं. एवढ्यासाठी पुस्तक कोण घेईल? बिब्ब्याला वजन आहे. एका थेंबानं कुरूप जातं, तर भेगा का जाणार नाहीत? लिही. बिब्ब्याचे तेल भेगांत भरून वरून पट्टी बांधावी."

"मास्तर, भेगांत बिबा? उतेल ना?"

"मकसूद, तू बाटल्या भर."

आणि मी लिहिलं. वळणदार अक्षरात, शुद्धलेखनाची एक चूक न करता.

'पादसौख्य' नावाचं ते बत्तीस पानी पुस्तक १९२६ च्या दिवाळीला छापून आलं. मुखपृष्ठावर कमळ. पहिल्या पानावर पगडी घातलेल्या मास्तरांचा फोटो. शेवटी बारीक अक्षरात एक ओळ, 'यांतील उपाय एका रानटी ठाकूर स्त्रीकडून परीक्षून घेतले आहेत.' पुस्तकात तिचा उल्लेख तेवढाच. तेवढा नसता तर बरं झालं असतं.

पौषात कळंबच्या धाकलूनं आपल्या बायकोला, शकूला, बैलगाडीत घालून दवाखान्यात आणलं. वीस वर्षांची पोर. टाचेला भेगा होत्या, एवढंच तिचं दुखणं. धाकलूला वाचता येत होतं. त्यानं पुस्तक वाचून, बाजारातून बिबे आणून, नीट पुस्तकाबरहुकूम दोन्ही टाचा भरल्या होत्या. पोरीचे पाय दुधी भोपळ्यासारखे सुजले होते. तळव्यांवर फोड आणि फोडांतून पाणी. गाडीतून उचलताना ती ओरडलीसुद्धा नाही. ओरडून ओरडून घसा बसला होता.

तिची सासू चिमा गाडीमागून चालत आली होती. दारातच तिनं सुरू केलं, "ठाकरनीच्या औषदानं पोरगी जाळली! लिवलंय पुस्तकात, ठाकरनीनं सांगितलंय!"

डॉक्टरसाहेबांनी माझ्याकडे पाहिलं. "कसलं पुस्तक?"

धाकलूनं पुस्तक पुढे केलं. मी पट्ट्यांचा डबा उघडला आणि त्यात काहीतरी शोधत राहिलो. त्या डब्यात शोधण्यासारखं काही नव्हतं. मी एक शब्द बोललो नाही.

दोन दिवसांनी कळंबची सात-आठ माणसं वाडीवर चढली. बुधीची मडकी फोडली, वाळत घातलेला पाला पायानं उधळला आणि पुन्हा गावात दिसलीस तर याद राख म्हणून बजावलं. त्यांतल्या तिघांच्या चिखल्या तिनं आदल्याच पावसाळ्यात बऱ्या केल्या होत्या. त्याच पायांनी ते चढले. कृतघ्नपणालाही धड पाय लागतात, ते तिनंच दिले होते.

बुधी दुसऱ्या दिवशी दवाखान्यात आली. पायरीखाली उभी राहून तिनं कनवटीतून ते पुस्तक काढलं. माणसं मडकी फोडून गेली तेव्हा कुणाच्या तरी हातून ते तिथं पडलं होतं.

"मकसूद, वाच रं. पैल्यापासनं."

मी वाचलं. ती ऐकत होती. आपलंच सांगणं मास्तरांच्या भाषेत ऐकताना मध्येच तिच्या कपाळाला आठी पडे. भेगांचं पान आलं. मी अडखळलो.

"परत वाच."

मी परत वाचलं. तिनं तिसऱ्यांदा वाचायला लावलं.

"माझे तीन पाय कुटं हाईत?"

"ते नाही घातले."

"हे बिब्ब्याचं कुनी लिवलं?"

"मास्तरांनी," मी म्हणालो. खोटं नव्हतं. पण खरंही नव्हतं.

ती तशीच कडावच्या वाटेला लागली. मी डॉक्टरसाहेबांना काहीतरी कारण सांगून तिच्या मागून गेलो. तिच्या मदतीला गेलो असं लिहावंसं वाटतं. खरं म्हणजे तिथं माझं नाव निघतं की काय, ही भीती होती.

मास्तर ओटीवर फेऱ्या मारत भाषण घोकत होते. खालापुरात काही मंडळी पुस्तकाबद्दल त्यांचा सत्कार करणार होती.

"कोंडाजी, खाली ये," बुधी अंगणातून म्हणाली.

अशी नुसत्या नावानं त्यांना आई गेल्यापासून कुणी हाक मारली नसावी. "काय आहे बुधे?"

"मी बिबा भेगंत भर म्हनले व्हते?"

"हे बघ, औषध तेच आहे. लावणाऱ्याचा हात चुकला. अडाणी लोक."

"लावनारा तू लिवलंस तसंच लावून ऱ्हायला. तो अडानी आसता तर पोरगी वाचली आसती. वाचायला येतं म्हनून जळाली."

"बिबा कातडं काढतो. भेग म्हणजे शेवटी कातडंच. अर्थ एकच."

"शाळंत पोरांना असंच शिकवलंस?" बुधी त्यांच्याकडे वरपासून खालपर्यंत नव्हे, खालपासून वरपर्यंत बघत म्हणाली. "पुस्तकातनं माझी जात काढ. पुस्तक तुझं, तर जळालेला पाय पन तुझा."

"छापलेलं खोडता येत नाही," मास्तर म्हणाले. ते कायद्याचं कलम असल्यासारखं त्यांनी सांगितलं.

बुधीनं पाठ फिरवली. तिथून ती थेट कळंबला गेली, जिथं तिला यायची बंदी होती. नारळाचं दूध काढून द्रोणात घेऊन ती शकूच्या दाराशी उभी राहिली. बिब्ब्याच्या जळण्याला तेच तिला माहीत होतं. चिमानं दार लावून घेतलं. बुधी द्रोण उंबऱ्यावर ठेवून परतली. तो कुत्र्यानं चाटला. शकूचे पाय आमच्या पट्ट्यांनी सव्वा महिन्यात भरले, पण तळव्याचं कातडं आखडलं ते आखडलंच. पुढं कायम ती चवड्यांवर चाले.

फाल्गुनात मास्तर सत्काराला निघाले. पायाच्या विषयावर ग्रंथ लिहिणाऱ्यानं साध्या वहाणा घालून जाणं शोभलं नसतं, म्हणून त्यांनी मुंबईहून नवे बूट मागवले होते. आगगाडीनं खोपोली गाठली, शिळफाट्याला टांगा मिळाला नाही. मग ते तिथून खालापूरपर्यंत नव्या बुटांत चालले. सभेत तासभर बोलले. शाल-श्रीफळ घेऊन परत चालत आले. घरी बूट काढला तेव्हा मोजा रक्तानं अंगठ्याला चिकटलेला होता. मास्तरांना पत्ता नव्हता. तो त्यांच्या बायकोला, जिजाबाईंना दिसला.

जिजाबाई कमी बोलणारी बाई. बुधी अंगणातून निघून गेली त्या दिवशी त्या दाराआडून ऐकत होत्या. जखम आठ दिवसांत सुकेना तेव्हा त्यांनी नवऱ्याला न विचारता वाडीवर निरोप धाडला. मडकी फोडली गेल्याला महिना-दीड महिना झाला होता. मी बुधीच्या जागी असतो तर गेलो नसतो. ती आली. मागच्या दारानं.

मास्तर खुर्चीत वर्तमानपत्र वाचत होते, पाय तिवईवर ठेवलेला. बुधीनं हात न लावता अंगठा पाहिला, वास घेतला. मग केसात खोवलेला बाभळीचा काटा काढून त्यांच्या तळव्याला टोचला. मास्तर वाचत राहिले. तिनं दुसरीकडे टोचला. मास्तरांनी पान उलटलं.

"जिजा, याच्या मोरीत मुंग्या येतात?"

"येतात गं. दोन वर्षं झाली. मी हळद टाकते."

बुधी उठली. "हा पाय माझा नाय. आजच्या आज गाडी जुप आन् दवाखान्यात ने."

मास्तरांनी आता वर पाहिलं. "का? उपाय संपले वाटतं?"

"संपले. मला ते म्हनायला लाज वाटत नाय."

"मग माझ्याकडं आहेत," मास्तर म्हणाले आणि पुस्तकावर हात ठेवला.

त्यानंतर त्यांनी आपल्याच पुस्तकातले उपाय आपल्याच पायावर सुरू केले. लेखकानं स्वतःवर प्रयोग करणं ही तशी चांगली प्रथा, फक्त तिची सुरुवात शकूच्या आधी व्हायला हवी होती. तेरडा त्या दिवसांत मिळत नाही, म्हणून हळद. मग राळेचं मलम. मग शेक. विटेवर रुईचं पान ठेवून त्यांनी पाय टेकवला. समोर पोस्टमास्तर आणि गावचे दोघं-तिघं बसले होते. मास्तर म्हणाले, "लोक हाय हाय करतात. मला बघा, चटकासुद्धा बसत नाही." ते एक ते शंभर आकडे मोजत बसले आणि मंडळी माना डोलावत राहिली. ऐंशीच्या पुढं जिजाबाई स्वयंपाकघरातून धावत आल्या, कारण त्यांना भाजल्याचा वास आला होता. त्यांनी पाय ओढून काढला तेव्हा टाचेचं कातडं विटेवर राहिलं. मास्तर तेव्हाही हसत होते. बसलेल्या विद्वानांपैकी एकालाही वास आला नव्हता.

दहा-बारा दिवसांनी जिजाबाईंनी मला बोलावलं. अंगठा काळा पडला होता, काळेपण घोट्याकडे सरकत होतं. मी सायकल काढली आणि डॉक्टरसाहेबांना घेऊन आलो. त्यांनी पट्टी सोडली आणि लघवी तपासली.

"या पायाला शेक द्यायला कुणी सांगितलं?"

मास्तरांचा आवाज खोल गेला होता, पण अक्कल जागेवर होती. "ठाकरणीनं. तिचाच उपाय."

तेव्हा मी बोललो. "साहेब, पुस्तकाची प्रत माझ्या हातची आहे. बुधीनं मुंग्या लागणाऱ्याच्या पायाला शिवू नका असं सांगितलं होतं. ते मास्तरांनी गाळलं. बिब्ब्याचं त्यांनी घातलं. आणि ती इथं येऊन दवाखान्यात न्या म्हणून सांगून गेली होती. जिजाबाईंना विचारा."

जिजाबाईंनी मान डोलावली. कुणी याला माझं धैर्य म्हणू नये. पाय काळा पडलेल्या माणसाला मी भिण्यासारखं काही उरलं नव्हतं, म्हणून मी बोललो. पौषात बोललो असतो तर ते काहीतरी झालं असतं.

मास्तरांना मुंबईला नेलं. तिथल्या मोठ्या इस्पितळात गुडघ्याखाली पाय कापला.

डॉक्टरसाहेब शकूला बघायला कळंबला गेले तेव्हा त्यांनी चारचौघांत खरी हकीकत सांगितली. गावानं ऐकून घेतली. क्षमा मागायला वाडीवर कुणी चढलं नाही. पण आषाढात लावणी सुरू झाली, बेचक्या कुजू लागल्या, आणि मग सगळ्यांना डोंगराची वाट आपोआप आठवली. पहिल्या खेपेला चार बायका गेल्या. त्यांत चिमा होती. मला हे शकूनं सांगितलं, कारण तीही होती. बुधीनं तशी अटच घातली होती. बायकांनी आधी पाठवलेल्या निरोप्याला ती म्हणाली होती, "आदी शकूला आना. तिला चालवत नसंल तर पाठीवर आना. मंग बाकीच्यांचं बघू."

चिमानं सुनेला पाठुंगळी घेऊन चढण काढली, कुजलेल्या बोटांनी. बुधीनं शकूचे तळवे मांडीवर घेतले आणि किती वेळ नुसती अंगठ्यानं चाचपत राहिली. मग कोकमतेल चोळायला लागली.

"हे सुटनार नाय पुरं," ती शकूला म्हणाली. "खोटं सांगत नाय. पन ताठपना कमी व्हईल. रोज चोळ. सासूकडनं चोळून घे."

मग चिमाकडे वळून, "तू काय बघतीस? पाला तितं पडलाय, पाटा तितं हाय. वाट आन् लाव. तुझ्या पायाला मी हात लावनार नाय."

चिमानं स्वतःचा पाला स्वतः वाटला. तिच्या चिखल्या बऱ्या झाल्या. पाल्याला माणसाची पारख नसते.

दसऱ्यानंतर मास्तर कुबडीवर परत आले. कापलेल्या पायानं त्यांना एक नवीन त्रास दिला. नसलेला तळवा खाजे. इतका खाजे की ते कळवळत. पुस्तकात त्यावर काही नव्हतं. जिजाबाईंनी पुन्हा बुधीला बोलावलं आणि ती पुन्हा आली, या वेळी पुढच्या दारानं. मी तिथं पट्टी बदलायला गेलो होतो.

"तळपाय खाजतो गं बुधे," मास्तर म्हणाले. डोळ्यांत पाणी होतं. "काही आहे का?"

तिनं गुडघ्याखालची मोकळी जागा पाहिली. क्षणभर मला वाटलं तिला दया आली. कदाचित आलीही असेल.

"जो पाय व्हता तेव्हा मी शिवले नाय," ती म्हणाली, "आता नाय त्याला काय शिवू?" जिजाबाईंना मात्र तिनं उरलेला दुसरा पाय रोज दिव्यासमोर धरून बघत जा, बोटांच्या मधेसुद्धा बघ, पाणी गरम असेल तर आधी तू कोपर बुडव, एवढं नीट समजावलं. जिजाबाईंनी ते मास्तर मरेपर्यंत केलं. दुसरा पाय शेवटपर्यंत टिकला. मास्तरांनी पुढच्या वर्षी पुस्तकाची दुसरी आवृत्ती काढली. बिबा तसाच ठेवला. फोटो नवा होता, बसलेला, मांडीवरून जमिनीपर्यंत शाल सोडलेली.

मास्तर कुबडीवर परतले त्याच थंडीत बुधी आमच्या पडवीत आली तेव्हा मी तिला प्रत मी लिहिली होती हे सांगितलं. ती आईची टाच घासत होती.

"म्हाईत हाय," ती म्हणाली. "तुझं अक्षर चांगलं हाय म्हनत्यात." वीट सरसर चालत राहिली. मला त्यापेक्षा तिनं चार शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं, आणि म्हणूनच तिनं दिल्या नसाव्यात.

बुधी १९३४ च्या भाद्रपदात तापानं गेली. तिची सून ठकी आता पाय बघते. तिचा हात हलका आहे, जीभ मात्र सासूएवढी तिखट नाही. मी माती द्यायला वाडीवर गेलो, आईनं पाठवलं म्हणून. कळंब आणि कडाव मिळून निदान शंभर घरांतले पाय त्या बाईच्या मांडीवर कधी ना कधी विसावले असतील. खालून आलेले आम्ही तिघं होतो, मी, जिजाबाई आणि शकू. शकू चवड्यांवर चालत सगळ्यांत आधी पोचली होती. बाकीच्यांना मी नंतर विचारलं. वाट फार दगडाची आहे, म्हणाले. पाय दुखतात.